हॉलमधला फोटो

२ जुलै १९८६

प्रिय अजीजा,

तुला जयभीम, जावयांना सलाम, लेकरांना पापे. पत्राचं कारण शेवटी लिहीन. आधी माझा राग निघू दे, नाहीतर पेन कागदातनं आरपार जाईल आणि तू म्हणशील मुक्तामावशीचं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं दुसरं कसं असणार? पण एक आधीच सांगून ठेवते. शाळेकडून तुला पंधरा ऑगस्टचं आमंत्रण येईल. हॉलला तुझ्या अब्बांचं नाव देणार आहेत. येते म्हणून कळवायच्या आधी हे पत्र पुरतं वाच.

सर गेल्याचं तुझं कार्ड एप्रिलात आलं. हेडमास्तर आता नवीन आहेत, मिशीला तेल लावून येतात. त्यांनी कार्ड वाचलं, कोण हे गफार सर म्हणून क्लार्कला विचारलं आणि कार्ड पेपरवेटखाली ठेवून दिलं. मी तिथंच झाडत होते. माणसानं बावीस वर्षं या शाळेत गणित शिकवलं आणि त्याच शाळेच्या खुर्चीवर बसलेला विचारतो, कोण हे. मी झाडू खाली ठेवला आणि पोरांच्या बाकावर बसून राहिले. उठा म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

पुढं ही बातमी आबारावच्या कानावर गेली आणि मग सगळ्यांनाच रडू फुटलं. आबाराव म्हणजे तुझ्या वर्गातला तो जाड कानाचा, आठवतो का? आता सोसायटीचा चेअरमन आहे, दारात जीप उभी असते, पांढऱ्या कपड्याची घडी मोडू नये म्हणून खुर्चीवर टेकल्यासारखा बसतो. त्यानं ठरवलं की सरांची शोकसभा झाली पाहिजे, फोटो लागला पाहिजे, हॉलला नाव दिलं पाहिजे. जूनमधे शाळा भरली आणि पहिल्याच शनिवारी सभा झाली. ढोकीहून लाऊडस्पीकर आणला. त्या लाऊडस्पीकरवरनं जे काही ऐकलं ना पोरी, तुझे अब्बा ऐकत असते तर पहिल्या वाक्याला म्हणाले असते, चूक, पुन्हा सोडव.

आबाराव अर्धा तास बोलला. त्यातला पाव तास सोसायटीवर. बहात्तरच्या दुष्काळात आपण लोकांच्या हाताला काम कसं मिळवून दिलं ते सांगितलं. अगं, हा माझ्या शेजारच्या ढिगावर खडी फोडत होता. बोटाला फडकं बांधून. शाळा सकाळची करून दुपारी सगळी मॅट्रिकची पोरं रस्त्याच्या कामावर, आणि सर उन्हातनं दोन कोस चालत त्यांच्या मागं. मातीत बोटानं वर्तुळ काढायचे आणि म्हणायचे, हातोडी चालू ठेवा, कान इकडं द्या. हजेरी लिहायचं काम मला दिलं होतं. चाळीस नावं रोज लिहून लिहून माझं अक्षर निदान वाचता येण्यासारखं झालं, ही त्यांचीच करणी. रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी खाऊन त्या ढिगांवर बसून पास झालेली ही पोरं. पण सभेत एकाच्याही तोंडातनं खडीचं नाव निघालं नाही. आता इस्त्रीचे कपडे आले ना, कोण सांगेल. सरांनी जे खरोखर केलं ते सांगायचं तर आपण काय होतो तेही सांगावं लागतं.

मग केलं नाही ते सांगत बसले. कल्याणप्पा उठला, तो आता तेरला मास्तर आहे. डोळे पुसत म्हणाला, सर स्वतःच्या खांद्यावर कावड घेऊन नदीतल्या झऱ्याचं पाणी आम्हा लेकरांसाठी आणायचे. मी दारात उभी होते, मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. सरांचा उजवा खांदा लहानपणी निखळलेला, खडूसुद्धा डाव्या हातानं धरायचे. बावीस वर्षं फळ्यावर डाव्या हातानं लिहिलेलं या लोकांनी बघितलं की नाही? कावड आमच्या माणसाची. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. पिराजी. या शाळेचा शिपाई. दोन डबे, कावड आणि खांद्यावर पडलेला घट्टा, त्याला मी रोज तेल लावलेलं आहे. सर फक्त एवढं करायचे की पहिला तांब्या पिराजीला पाजायचे आणि मग पोरांना. ते मात्र कुणी सांगितलं नाही.

मग फोटोवरचा पडदा ओढला. आता इथं नीट वाच. काचेमागं आमचा माणूस होता.

मी तोंडाला पदर लावला. हसत होते का रडत होते ते मलाच कळलं नाही. लोकांना वाटलं रडते. एका पोरीनं मला पाणी आणून दिलं. वर चांगला हातभर मोठा पिराजी, सरांचा काळा कोट घालून, खाली पितळी पट्टीवर तुझ्या अब्बांचं नाव. ओठ स्टुडिओवाल्यानं जरा लाल करून दिलेले. गळ्यात हार. आणि आबारावनं कपाळाला कुंकू लावलं. ते ना तुझ्या अब्बांना चाललं असतं, ना आमच्या माणसाला. छप्पन साली दीक्षा घेऊन ते सगळं पुसून टाकलेला माणूस तो. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. आबारावनं त्यात तीनदा घड्याळ बघितलं.

हे कसं झालं ते मला लगेच समजलं. तू आजारी होतीस त्या दिवशी, म्हणून तुला ठाऊक नसेल. मॅट्रिकच्या वर्गाचा फोटो काढायला धाराशिवहून माणूस आला होता. आमचा माणूस नुकताच कावड ठेवून लिंबामागं उभा होता, शर्ट खांद्यावर फाटलेला. सरांनी त्याला बोलावलं. तो येईना. मग सरांनी अंगातला कोट काढला, त्याला घातला, त्याची टोपी काढून केसांवरनं स्वतःचा कंगवा फिरवला आणि मधल्या खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "बस पिराजी. तू घंटा देतोस म्हणून शाळा भरते, मी नुसता बोलतो." आणि स्वतः शर्टावर शेवटच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. फोटो काढायच्या वेळेलाच आबाराव कुणाला तरी कोपरानं ढोसत होता. त्याला गप कर म्हणून सरांनी मान वळवली आणि फोटोत सरांचं तोंड पुसट झालं. शाळेत सरांचा दुसरा फोटो नाही. तेव्हा या शहाण्यांनी त्या वर्गाच्या फोटोतला कोटवाला कापून मोठा करून आणला. सर सात वर्षांपूर्वी गुलबर्ग्याला तुझ्याकडं आले, तेव्हापासून यांच्यातल्या एकानंही त्यांना बघितलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या जागी, म्हणत होता आबाराव. बापाचं तोंड विसरलास का रे, असं अगदी जिभेवर आलं होतं.

सभा संपल्यावर तो माझ्याजवळ आला. "मुक्ताबाई, काच रोज पुसत जा. सर तुला काय परके न्हाईत," म्हणाला. म्हटलं, न्हाईत. कल्याणप्पाला मी फोटोपुढं नेऊन उभं केलं. म्हटलं, बघ बाबा नीट, बरोबर आलाय का फोटो? तो हात जोडून म्हणाला, डोळे बघा मावशी, आता बोलतील असं वाटतं. मी म्हटलं, बोलले तर तुझी धडगत नाही. त्याला वाटलं मी लाडानं बोलतेय.

पाच वर्षं झाली पिराजीला जाऊन. घंटा देऊन आला, पायरीवर बसला, तिथंच गेला. शाळा सुटली नाही त्या दिवशी. पुढची घंटा दुसऱ्यानं दिली आणि तास सुरू झाला. शोकसभा कसली, एक मास्तर दारापर्यंत आला नाही. तुझे अब्बा तेवढे आले, गुलबर्ग्याहून एसटी बदलत, काठी टेकत. माझ्या उंबऱ्यापाशी दुपारभर बसले. निघताना आमच्या दाराच्या खिळ्यावर अडकवलेली त्याची टोपी हातात घेतली, झटकली आणि परत अडकवली. मला त्या लाऊडस्पीकरपेक्षा ते जास्त ऐकू आलं.

आता कारण लिहिते. सभा होऊन तीन आठवडे झाले आणि हे पत्र मी मुद्दाम लांबवलं. माझ्याकडं माझ्या माणसाचा एकही फोटो नाही. वर्गाच्या फोटोची प्रत सर देणार होते, ते राहूनच गेलं. त्याचं तोंड मला अलीकडं मुळीच आठवत नव्हतं, घट्टा आठवायचा, तोंड नाही. मी आबारावला हसते, पण माझीही गत काही फार निराळी नव्हती. तर रोज सकाळी शाळा उघडून मी आधी हॉलमधे जाते, काच पुसते, खाली बाकावर बसते. कुंकू पहिल्याच दिवशी पुसलं. एका बाईला तीन आठवडे एवढं सुख पुष्कळ झालं. सरांच्या नावाखाली दुसरा माणूस टांगलेला ठेवणं बरं नाही, तो माझा असला तरी. आणि तू तुझ्या बापाची लेक आहेस. पंधरा ऑगस्टला हॉलमधे पाय ठेवशील आणि सगळ्यांदेखत म्हणशील, हे माझे अब्बा नव्हेत. मग ते हसतील. स्वतःला नाही हसणार, शिपायाला हार घातला म्हणून त्याला हसतील. ते मला बघवणार नाही. तेव्हा सरांचा एक फोटो रजिस्टर पोस्टानं माझ्या नावावर पाठव. मोठा करायला मी स्वतः धाराशिवला जाईन. हॉलची किल्ली माझ्याकडंच असते. एका रविवारी एक उतरवीन, दुसरा चढवीन आणि आमच्या माणसाला घरी नेईन. तू पंधरा तारखेला येशील तेव्हा तुझे अब्बा जागेवर असतील. या लोकांना लावताना कळलं नाही, बदलल्यावरही कळणार नाही, त्याची काळजी करू नकोस. फक्त फोटो कोटातला निवड. त्यांना कोट ओळखू येतो.

वाट बघत असलेली, तुझीच
मुक्तामावशी