भाची नेमणे आहे

कोथरूड, पुणे
मंगळवार, दुपारची झोप मोडून

तीर्थरूप श्रीधरदादास,

धाकट्या बहिणीचा लांबूनच नमस्कार. (जवळून केला तर तू पाय मागे घेशील, म्हणून कुरियरने पाठवते आहे. फोन तू उचलत नाहीस.) तुझी गुडघेदुखी, तुझं ब्लडप्रेशर आणि तुझा राग, तिघांची प्रकृती कशी आहे? पहिली दोन आटोक्यात असतील अशी आशा करते, तिसऱ्याबद्दल आशा सोडली आहे. मिरजेला उकाडा फार आहे असं ऐकलं. इकडेही आहे, पण पुण्याच्या उकाड्याचा त्रास होत नाही असं आम्ही म्हणतो आणि पदराने वारा घेतो.

आमोदच्या लग्नापासून आपलं बोलणं बंद आहे. तू मला दिवाळीत दिलेली शाल मी तुलाच आहेर म्हणून दिली हे खरं. पण मांडवात बसून आहेराची शाल उलगडून तिचा कोपरा तपासणारा मामा मी दुसरा पाहिलेला नाही. तेव्हा चूक तुझीच, या मतावर मी ठाम आहे आणि तो विषय मी काढतच नाही.

हे गेले, आमोद कॅनडात स्थायिक झाला, आणि घरात आवाज करणारे मी आणि फ्रीज असे दोघंच उरलो. म्हणून मी पोरी ठेवायला लागले हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच. मागच्या खोलीत तीन कॉट आहेत. एकीवर अकोल्याची श्रद्धा, जी कंपनीच्या कॉम्प्युटरवरून अमेरिकेतल्या लोकांशी गोड आवाजात भांडते. दुसरीवर यवतमाळची उत्कर्षा, जी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि माझी दुधी भोपळ्याची भाजी राज्यघटनेच्या कोणत्या कलमाचा भंग करते ते जेवताना सांगते. तिसरीवरची लग्न होऊन गेली आणि कॉट रिकामी झाली. नेमकं त्याच वेळी आमच्या सोसायटीने ठरवलं की यापुढे फ्लॅटमध्ये भाडेकरू पोरं-पोरी चालणार नाहीत, फक्त जवळचे नातेवाईक चालतील. (नातेवाइकांचा आजवर कोणाला त्रास झालेलाच नाही, असा या लोकांचा अनुभव दिसतो.)

चेअरमन माधवराव आगटे निवृत्त झाल्यापासून दारोदार फिरून बाहेरच्या चपला मोजतात. आमच्या दाराशी थांबून त्यांनी विचारलं, या मुली कोण? मी म्हटलं, माझ्या भाच्या. आपल्याला बहीण नाही हे तुला आणि मला माहीत आहे, सोसायटीच्या मते ती अकोल्याला दिली आहे आणि श्रद्धा तिची मुलगी. उत्कर्षाला मी नणंदेकडे टाकलं. नणंदेला एकच मुलगा आहे, त्याला सोयीसाठी उत्कर्षा केलं. आता तिसरीसाठी नातं कुठून आणायचं, हा प्रश्न होता. म्हणून या खेपेला आम्ही भाडेकरू शोधतच नव्हतो. आम्हाला भाची नेमायची होती.

मुलाखतीला आम्ही तिघी बसलो. पहिली आली शेफाली. नागपूरची, नीटनेटकी, हसतमुख, वर्तन निष्कलंक. तिला जेवायला वाढलं तर प्रत्येक पोळीला थँक्यू म्हणाली. चौथ्या थँक्यूला श्रद्धाने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. नात्यातलं माणूस वाढलेल्या पोळीला कधी थँक्यू म्हणतं का? ती जाड झाली आहे असं म्हणतं. आगट्यांनी एका जेवणात पकडली असती.

दुसरी कादंबरी. ती आईला घेऊन आली. आईने चहाचा कप हातात घेतला आणि माझं माहेरचं आडनाव विचारलं, मग आजोळचं विचारलं, आणि कप रिकामा व्हायच्या आत आम्ही दोघी माझ्या चुलत मावशीकडून खऱ्याखुऱ्या नातेवाईक निघालो! पोरी आनंदल्या. मी त्या मायलेकींना हळदीकुंकू लावून तत्काळ निरोप दिला. खरं नातं घरात घेतलं तर मी दुपारी किती झोपते, रात्री कोणती सीरियल बघते आणि आमोदचे फोन किती येतात हे आठ दिवसांत सगळ्या गोतावळ्यात पसरलं असतं. (आमोदचा फोन दर रविवारी येतो. तो माझी तब्येत विचारतो आणि मग फ्लॅटचा सध्याचा भाव मला सांगतो.)

तिसरी पूर्णिमा. वाशीमची, किडकिडीत, मार्केट यार्डात एका अडत्याच्या पेढीवर बिलं करते, अंगाला कांद्याचा वास. ती समोर येऊन बसते न बसते तोच आगटे जाळीच्या दारातून आत डोकावले आणि त्यांनी विचारलं, ही कोण? माझी वाचाच बसली. (माझी! तू असायला हवा होतास.) माझ्या सगळ्या काल्पनिक बहिणी संपल्या होत्या. तेवढ्यात ती पोरगी शांतपणे म्हणाली, "मी यांच्या भावाची मुलगी." आणि भिंतीवरच्या आपल्या दोघांच्या फोटोकडे बोट करून, "हे माझे बाबा." (फोटो काढायला स्टुलावर चढावं लागतं, म्हणून तो अजून तिथेच आहे. गैरसमज नको.)

आगटे म्हणाले, हे कधी दिसले नाहीत इकडे. तर म्हणाली, बाबा आत्यावर रुसलेत, एका लग्नात काहीतरी झालं. माझ्या हातातून चहाची गाळणीच पडली. आगट्यांचा मात्र चेहरा एकदम मऊ झाला, कारण एवढं रुसायचं म्हणजे नातं सख्खंच असणार. नंतर तिला विचारलं, बाई गं, तुला हे कळलं कसं? तर म्हणाली, "त्यात काय कळायचं मावशी, आमच्याकडे जो रुसते तो लग्नातच रुसते." आणि भाऊ कशावरून ओळखलास? तर म्हणे, नाकावरून.

पूर्णिमाची नेमणूक एकमताने झाली. आता ती सकाळी माझी बीपीची गोळी पाण्यासकट समोर धरते आणि मी गिळेपर्यंत हलत नाही. मागे मला ताप आला तेव्हा श्रद्धाने अमेरिकेला तीन दिवस ताटकळत ठेवलं होतं आणि उत्कर्षाने पेज करपवली होती, पण केली होती. दादा, मला या पोरी हव्या आहेत. या गेल्या तर मी रडेन, आणि ते सोसायटीच्या कोणत्या नियमात बसतं ते आगट्यांना शोधावं लागेल.

बाकी नवीन काही नाही. काम तर मुळीच नाही, सहज लिहिलं. लोभ शिल्लक असल्यास असू दे.

तुझी,
मंदा

ता. क. : आता विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. येत्या रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग आहे आणि आगट्यांनी पूर्णिमाच्या वडिलांना प्रत्यक्ष घेऊन यायला सांगितलं आहे. नाहीतर तिन्ही पोरींनी महिनाअखेर बाहेर पडायचं. तू यावंस. तुला नाटक असं काही करायचं नाही, नेहमीसारखा तोंड फुगवून कोपऱ्यात बस, कोणालाही शंका येणार नाही. फक्त, वहिनी कुठे असतात असं आगट्यांनी विचारलं, आणि तू लग्नच केलं नाहीस हे सांगायची सोय नव्हती, तेव्हा माझ्या तोंडून ती वारली असं निघून गेलं. पूर्णिमा आजोळी वाढली, म्हणून वऱ्हाडी बोलते. वहिनीचं नाव मी अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग. कोणतं सांगशील ते मला माहीत आहे, आणि मी काहीही बोलणार नाही.

ता. क. दुसरं : तुला काय म्हणायचं असं पूर्णिमाने विचारलं. मी म्हटलं, बाबा. तेव्हापासून ती कणीक मळताना, कपडे वाळत घालताना हळूच म्हणून बघते आहे. बाकीच्या दोघी हसल्या, ती हसली नाही. तिचे वडील ती पाळण्यात असताना गेले. हा शब्द तिने कोणाला म्हटलेलाच नाही.

ता. क. तिसरं (पाकीट फोडून लिहिते आहे) : मीटिंग रद्द झाली. आगट्यांकडे राहणारा त्यांचा "भाचा" आज जिन्यात त्यांच्याशी भाडं वाढवल्यावरून भांडला, आणि ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं. नियमही मागे घेतला आहे. तेव्हा आता तुझी काहीच गरज उरलेली नाही. श्रद्धा आणि उत्कर्षाला मी सांगितलं. पूर्णिमाला सांगितलेलं नाही. यार्डात रविवारी मरणाची गर्दी असते, तरी बाबा येणार म्हणून तिने सुट्टी घेतली आहे.