किशनरावांच्या ग्रामोफोनवरचं गाणं

९ फेब्रुवारी १९७५, रविवार. पूर्णा

पुन्हा तेच रडगाणं! शेजारचे किशनराव रेल्वेत गार्ड. ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायच्या आधी ग्रामोफोनला चावी देतात. सिनेमातलं जुनं गाणं. रेकॉर्ड इतकी घासलीय की बाई गाते की फोडणी तडतडते, कळत नाही.

आणि आमची ही! तव्यावर भाकर टाकून भिंतीला टेकून उभी. भाकर करपली. वास येईपर्यंत मी काही बोललो नाही. मग बोललो. बरंच बोललो. तिने दुसरी भाकर थापली.

११ फेब्रुवारी

काय आहे त्या गाण्यात? एक बाई दारात उभी. तिचा माणूस निघून गेलाय. ती म्हणते, परत येऊ नकोस, पण विसरूही नकोस. म्हणजे नक्की काय करायचं त्याने? शाळेत नववीच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी लाल शाईने गोल केला असता.

रिकामटेकड्यांचं दुःख! सकाळी नळावर भांडून पाणी आणावं लागलं तर सुचेल का कुणाला विरह? हिला तरी काय कळतं त्यातलं? उर्दू शब्द. निजामाच्या राज्यात मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकलो मी. ही चौथी पास. तरी डोळे पुसते. कुणाच्या आठवणीने, देव जाणे.

१२ फेब्रुवारी

कालचं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण लिहिलं तर लिहिलं. शाईच आहे.

१४ फेब्रुवारी

आज सुट्टीच्या तासाला घरी आलो तर गाणं चालू. चुका काढायच्या म्हणून नीट ऐकलं. चाल साधी. सारंगीचा नको तितका मारा. पण दुसऱ्या कडव्यात एक जागा आहे. तिथे कुणीही आवाज चढवला असता, टाळ्या घेतल्या असत्या. ही बाई खाली उतरते. सारंगी थांबते. एक शब्द नुसता ठेवते, झोपलेल्या लेकराशेजारी पांघरूण ठेवावं तसा.

बरं जमलंय. तेवढंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवणं झाली. गाणं लागलं. ही सुपारी कातरत होती. दुसऱ्या कडव्यातल्या त्या जागेपाशी हात थांबला. मग तिने विचारलं, हा शब्द काय हाय म्हणून. एकोणीस वर्षांत हिने मला कशाचा अर्थ पहिल्यांदाच विचारला.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मास्तरच मी! सांगितलं— फुरकत. आपण फरक म्हणतो ना, त्याच घरातला शब्द. फुरकत म्हणजे ताटातूट. जवळ असलेली दोन माणसं दूर होणं. फोड करून सांगितलं, दोनदा. वर हेही म्हणालो की अर्थ न कळता रडणं हा शुद्ध अडाणीपणा.

ती म्हणाली, "म्हंजे आधी जवळ असावं लागतं."

मी म्हणालो, अर्थात.

सुपारी कातरून झाली. अडकित्ता पुसला, डब्यात ठेवला. म्हणाली, "मंग त्या बाईचं बरं हाय. तिला कुणी सोडून तरी गेलंय. माझ्यापाशी तर कुणी आलंच न्हाई."

रागाने नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

दोन लेकरं झाली, ती काय— एवढं तोंडापर्यंत आलं. तिथेच गिळलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. उठून भांडी घेऊन मोरीकडे गेली. पलीकडे रेकॉर्ड संपून नुसतीच खरखरत होती.

१७ फेब्रुवारी

शाळेत तासाला लक्ष नाही. किशनरावांना वाचनालयापाशी गाठून सांगणार होतो, ती रेकॉर्ड फोडा एकदाची. ते समोर आले तर विचारलं, गाडी वेळेवर आहे का.

माझी काय चूक? पगार घरात आणतो. हात कधी उचलला नाही. आमच्यात सगळेच असे राहतात. माझा बाप आईशी गरजेपुरतं बोलायचा, ती कधी भिंतीला टेकून रडली नाही.

रडली असेलही. मी कुठे पाहत होतो.

१८ फेब्रुवारी

सकाळी ही चुलीपाशी बसली होती. मी मागून तिला नावाने हाक मारली, "बायना."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पदर सावरून दाराकडे पाहिलं— कोण आलंय म्हणून.