खंड्या नसलेला संच

३ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

बाबा बरे आहेत, म्हणजे जेवतात आणि भांडतात. छापखान्यात असताना सिगारेटच्या पाकिटांत घालायला त्यांनी पाखरांची चित्रं काढली होती ना, त्यांचा छापील संच हल्ली रोज सकाळी टेबलावर मांडतात. त्यात खंड्या नाही. तो कुठे गेला हे मला विचारतात आणि सांगितलेलं दुपारपर्यंत विसरतात. जुन्या बाजारात तुझी ऊठबस आहे, तेवढा शोध. जमलं तर चार दिवस येऊनही जा. माझी पाठ आता माझं ऐकत नाही.

लोभ आहेच, तो जरा इकडे वळव.
ताई

२१ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खंड्या सापडला. दुकानदार अडून बसला होता, पण मीही बाबांचाच मुलगा. सोबत पाठवतो आहे. चोचीचा रंग जरा उडालाय, बाबांना म्हणावं रागावू नका. इथे कामातून मान वर करायला फुरसत नाही, त्यामुळे येणं कठीण. पण संच पूर्ण झाला, तुझ्यामागची कटकट मिटली.

माया पातळ करू नकोस.
धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. आ.

कटकट कसली मिटते. बाबांनी खंड्या भिंगातून पाहिला, जागेवर ठेवला आणि काम संपलं म्हणून साहेबांना दाखवायला निघाले. मी अंघोळीला गेले होते. संध्याकाळी बंद पडलेल्या छापखान्याच्या फाटकाशी सापडले, पायात माझ्या चपला.

तेव्हापासून रोज सकाळी मी एक पाखरू काढून लपवते. ते शोधत बसतात, घराबाहेर पडत नाहीत. काल मला म्हणाले, बाई, तुमची नजर चांगली दिसते, जरा मदत करता का. मग मीही त्यांच्याबरोबर टेबलाखाली ओणवी होऊन शोधलं. चित्र माझ्याच गाऊनच्या खिशात होतं. फार लाज वाटली रे, आणि रडायचंही त्राण नव्हतं.

आता चित्रं पाठवू नकोस.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रजा मिळत नव्हती, भांडून घेतली. रविवारी पोचतो. मी आलो की तू आधी झोप, कोणी उठवणार नाही. टेबलापाशी मी बसेन. बाबांनी ओळखलं नाही तर वाईट वाटेल, पण त्यांना शोधायला सोबत तर लागतेच. आणि तुला लाज वाटते ना, मग ते पाखरू आता रोज मीच लपवत जाईन.

तुझा,
धाकटा