उंबरापुढची पाटी

प्रिय शैलाताई,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. फोटोला हार घालते, दिवा लावते, पण नजर वर करत नाही. आज लिहायला बसले त्याचं कारण असं, की परवा तुमच्या उंबराला पहिला नंबर मिळाला. हो, झाडाफुलांच्या प्रदर्शनात, भरल्या हॉलमध्ये! आणि उंबरापुढच्या पाटीवर नाव माझं होतं.

आपल्या गल्लीतल्या मंगलाताई आता ते प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळात आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या, गच्चीवर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "सुमनबाई, अवो, याले तं फळं आली!" खरंच आली होती. कुंडीतलं हातभर उंचीचं झाड आणि बुंध्याला लागलेले लालसर उंबर. पानं लहान झाली पण फळं मात्र पुऱ्या आकाराची! तुम्ही असता तर आधी हात जोडले असते, मग चष्मा पुसला असता, मग पुन्हा पाहिलं असतं.

त्या म्हणाल्या, प्रदर्शनात ठेवू; मी नको नको म्हटलं. पण मनातून बरं वाटत होतं, हेही सांगते. झाड नेलं, ठेवलं. पाटी मंगलाताईंनीच लिहिली. 'उंबर. जोपासना: सौ. सुमन'. मी ती वाचली आणि पदर सारखा करून बाजूला उभी राहिले.

लोक येत होते, वाकून पाहत होते. एक जण म्हणाले, "वहिनी, हाताले गुण आहे तुमच्या." कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, हे झाड आणलं कुठून?" मी म्हटलं, "भिंतीतून काढलं." बघा ना, आपल्या भाषेत किती सोय आहे! कोणी काढलं ते सांगायलाच लागत नाही. मी काढलं असं मी म्हटलं नाही. पण तुम्ही काढलं असंही म्हटलं नाही.

कसं काढलं ते त्या मुलीला सांगायला हवं होतं. तुम्ही पांढरकवड्याहून रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आलात, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गच्चीच्या कठड्याला, पन्हाळीजवळ, उंबराचं रोप उगवलं होतं. मी ढाणकीची, कापसाच्या घरची. आमच्याकडे नको तिथे उगवलं ते तण. मी पातेलंभर पाणी उकळून वर नेलं होतं, मुळावर ओतायला.

"थांब व सुमन! काय करून राह्यली? मले दे ते."

"घ्या ना जी. पण भिंत फुटली तं तुमच्या भावाले तुम्हीच सांगजा."

सबंध दुपार तुम्ही छिन्नी घेऊन बसलात. ओला फडका मुळांना गुंडाळून, लेकरू उचलावं तसं ते रोप खाली आणलंत. मी पातेल्यातल्या त्या पाण्यात भांडी विसळली. पहिल्या नंबराच्या झाडाला मी मारायला निघाले होते, ताई, हे त्या हॉलमध्ये कोणाला माहीत होतं?

त्याच्या आधी त्या जुनिपरच्या बोन्सायचं झालं होतं. आठवतं? नागपूरहून बसमध्ये मांडीवर घेऊन आलात. विकणारा म्हणाला होता, सावलीत ठेवा, काही होत नाही. तुम्ही रोज पाणी शिंपडत होतात आणि ते हिरवंच दिसत होतं. एक दिवस नुसता हात लावला, तर पानांचा भुगा झाला. कधीचंच मेलं होतं म्हणे, त्या झाडाचं असंच असतं, मेल्यावरही कितीतरी दिवस हिरवं राहतं. मी किती हसले होते! "थंड हवेचं झाड यवतमाळच्या उन्हात आणलं, ते जगंन कसं?" येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच गोष्ट सांगितली मी.

तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "त्या झाडाची चूक नाही, माही आहे. जे इथल्या भिंतीत जगते, तेच माह्या कुंडीत जगंन."

मग काय, चिंच आली, वड आला, बोगनवेल आली. काळी माती नको म्हणालात, ती पाणी धरून बसते, मुळं कुजतात. मग विटांचा चुरा, मुरूम आणि वाळू चाळत बसायचं. पापड-कुरडया वाळवायची माझी गच्ची, तिच्यावर चाळण्या आणि तारा! आणि उंबराची पानं तुम्ही एकेक करून खुडलीत, तेव्हा तर माझा जीव कळवळला. "काहून नागवं करता बिचाऱ्याले?" तुम्ही म्हणालात, "पुढची पानं लहान येतात." मी खाली येऊन यांना म्हटलं, स्वतःचं लेकरू नाही ना, म्हणून दुसऱ्याच्या लेकराला खुंटवतात.

ताई, तुम्ही जिन्यात होतात. ऐकलंत का? मला आजवर कळलं नाही. त्या दिवशी जेवताना तुम्ही नेहमीसारखी भाजीला नावं ठेवलीत, म्हणून मी समजले, ऐकलं नसेल. पण तुम्ही ऐकलं असतं तरी भाजीलाच नावं ठेवली असती, नाही का?

आता त्या उन्हाळ्याकडे येते. टाळत होते.

नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. टँकर आला की गल्लीत गुंड, घागरी आणि बादल्या घेऊन धावायचं, ड्रम भरायचे आणि झाकण लावून पोरांपासूनही जपायचे. असल्या दिवसांत माझी जाऊ आणि तिच्या माहेरची माणसं जेवायला आली होती. तुम्ही बादली घेऊन वर निघालात आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "माणसायले प्यायले पाणी नाही, अन् आमच्या ताई झाडायले पाजून राह्यल्या."

सगळे हसले. तुम्हीही हसलात. बादली परत ड्रमात ओतलीत.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घमेल्यात उभं राहून अंघोळ करायला लागलात. साबण नाही, नुसतं पाणी. अंगावरून उतरलेलं ते पाणी बादलीत भरून, गुडघे धरत, एकेक पायरी चढत वर न्यायचात. ड्रमाला तुम्ही पुन्हा हात लावला नाहीत. मी ओट्यापाशी उभी राहून हे रोज पाहत होते. रोज! एकदा तरी म्हणायला काय झालं होतं, की ताई, आणा ती बादली, मी नेते? किंवा नुसतं, घ्या हो ड्रमातलं, बोलण्यात गेलं माझ्या? जिभेवर यायचं. मग वाटायचं, आपण कशाला कमीपणा घ्यायचा. त्यांनी बोलावं आधी.

आणि एका सकाळी जिन्यात आवाज झाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडल्या. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात, "माही चप्पलच घसरणारी आहे. किती दिवसांची बदलीन म्हणत होती." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तेच सांगितलंत. चपलेला शिव्या घातल्यात. बाटाबिटाच्या गोष्टी केल्यात.

ताई, तुम्ही त्या दिवशी अनवाणी होतात. ओल्या पायांनी, अंघोळीवरून तशाच.

तुमच्या त्या खोट्या बोलण्याला मी इतकी घट्ट धरून राहिले, की पुढे पुढे मलाही चप्पल दिसायला लागली.

पलंगावर तुम्ही पावसाळाभर होतात. दुखत असलं तरी पहिला प्रश्न उंबराचा. मी कुंडी उचलून खाली आणायची, तुम्ही पडल्या पडल्या मातीत बोट घालायचात. "असं पाह्यजो. वर कोरडी अन् आत ओली असंन तं पाणी नको देऊ. अन् उन्हाळ्यात दुपारचं ऊन नको, सकाळचं दे. कुंडीभोवती ओलं पोतं ठेवजो, कुंडी तापली की मुळं शिजतात." मी हो हो म्हणत होते. तुम्हाला वाटलं असेल, सुमनला आता गोडी लागली. गोडी नव्हती ताई. तुमच्या पलंगापाशी दुसरं काही बोलायची हिंमत नव्हती, म्हणून झाडांचं बोलत होते.

तुम्ही गेल्यावर लोक म्हणाले, उंबर म्हणजे दत्ताचं झाड, ते घरात असं खुंटलेलं ठेवू नका, देवळाजवळ जमिनीत लावून टाका. मी कोणाचं ऐकलं नाही. सगळ्या बायका म्हणाल्या, नणंदेवर किती माया! माया कसली? ते झाड वाळलं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं, ही भीती होती. दोन उन्हाळे हिरवी जाळी बांधली, पोती भिजवली, दिवसातून कितीदा मातीत बोट घातलं. वड गेला, ताई. पहिल्याच मे महिन्यात गेला. तो मला राखता आला नाही. चिंच आहे, बोगनवेल आहे. आणि उंबर फळला.

तर परवा नंबर मिळाला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. घरी येऊन मी जेवले नाही. हे म्हणाले, "आज तं खुश पाहिजेस तू." मी म्हटलं, डोकं दुखतं.

काल सकाळी हॉल उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. मंगलाताई आल्या तसं म्हटलं, "पाटी बदला. झाड माझं नाही, शैलाताईंचं आहे."

"अवो, पण पाणी तं तुम्हीच घालता ना?"

"पाणी घालते. झाड त्यांचं आहे."

"आता कायले हे? बक्षीस जाहीर झालं. गेलेल्या माणसाच्या नावानं नंबर देता येत नाही जी, नियम आहे. नंबर जाईन तुमचा."

"जाऊ द्या."

त्यांना वाटलं माझं काहीतरी बिनसलं. दोघी-तिघी समजवायला आल्या. एक म्हणाली, "किती मोठं मन!" तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर बोलले. कठड्याचं, उकळत्या पाण्याचं, ड्रमाचं, आणि जिन्याचंही. नंतर कोणी मोठं मन म्हटलं नाही. मंगलाताईंनी पाटी काढली आणि दुसरी लिहिली, 'उंबर. कै. शैलाताई यांनी वाढवलेला'. पहिला नंबर एका रिटायर मास्तरांच्या बोगनवेलीला गेला. चांगली आहे, ताई. बुंधा आपल्या बोगनवेलीपेक्षा सरस आहे.

मला वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं.

संध्याकाळी कुंडी घेऊन घरी आले आणि तुमच्या भावालाही सांगितलं. म्हटलं, "ताई चपलेनं पडल्या नाहीत. अनवाणी होत्या. माझ्या बोलण्यापायी पाणी वाहत होत्या." मी वाट पाहत होते, की हे ओरडतील, निदान घराबाहेर निघून जातील.

हे खाली पाहूनच म्हणाले, "मले माहीत आहे. ताईच्या चपला जिन्याखालीच होत्या. मी दवाखान्यातून कपडे न्यायले आलो होतो, तवा पाह्यल्या."

"मंग इतके दिवस बोलले काहून नाही?"

"ताईनं सांगतलं ना चप्पल घसरली म्हणून. तिचं बोलणं मी कसं खोटं पाडू?"

मग त्यांनी माझ्या हातातून कुंडी घेतली आणि वर नेऊन ठेवली. खूप वेळ खाली आले नाहीत. आज सकाळी आम्ही चहा घेतला, पण बोलणं दुधाचं आणि पेपरचंच झालं. मी काही विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठे उरलाय?

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारते, रागावू नका. तुम्ही तरी एकदा मला बोलून का नाही घेतलंत? एक शिवी दिली असती, चार माणसांत पाणउतारा केला असता, तर मी रडले असते, भांडले असते आणि बादली हिसकावून घेतली असती हो! तुम्ही भाजीला नावं ठेवत राहिलात आणि मला मोकळी सोडलीत. एवढं चांगलं कोणी असू नये, ताई. मागे राहणाऱ्याला फार जड जातं.

माफी मागणार नाही. तुम्ही लगेच देऊन टाकाल, मला माहीत आहे.

शब्द देते तो वेगळा आहे. उंबराची मुळं आता कुंडीच्या कडेकडेनं गोल फिरायला लागलीत. खालच्या भोकातून बाहेर डोकावताहेत. आषाढ लागला की त्याला बाहेर काढून मुळं छाटावी लागतील, नाहीतर तो फळांसकट आतल्या आत गुदमरेल. तुमच्या हातची कात्री मी पाहिली आहे, पण स्वतः कधी चालवली नाही. दोन वर्षं भीतीपोटी टाळलं. या आषाढात मी छाटीन. दुसऱ्या कोणाला बोलावणार नाही. कुठलं मूळ ठेवायचं नि कुठलं काढायचं यात चूकही होईल. झाड तगलं तर तुम्हाला कळवीन. आणि वाळलं, तर तेही माझ्याच हातानं लिहून कळवीन, उन्हावर किंवा मातीवर ढकलणार नाही.

तुमची भावजय,
सुमन