टोपीतलं हिरवं

३ फेब्रु., पडेगाव
कौसामावशीच्या नर्सरीत आठवडा झाला. कामाला आम्ही दोघीच. गाडीवरून पार्सल पोचवायचं काम सोडून महिना होत आला, तरी फोन वाजला की पाय किकवर जातो. किक नसतेच तिथं.
दुपारी मावशी फाटक लावून आंब्याखाली आडवी. बाहेर कारवाला हॉर्नवर हॉर्न. मी उठले. ती डोळे मिटूनच, "बस खाली. झाडं कुठं पळून चाललीत?"
कारवाला उन्हं उतरल्यावर परत आला, मुकाट्यानं गुलाब घेऊन गेला. मला वाटलं भांडण होणार. थोडी निराशाच झाली.

५ फेब्रु.
सीताफळाची कलमं शिकले. गावठी रोपाचा शेंडा छाटायचा, चांगल्या झाडाची काडी त्यात खोचायची, पट्टीनं घट्ट बांधायचं, वरून प्लॅस्टिकची टोपी. एक ओळ माझी. बोट कापलं.
मावशी : "लागली तर तू कायमची इथं. नाय लागली तर पाणी घालायला मला माझे हात हायत." टोपी ती सांगेल तेव्हाच काढायची.
येताना गरम नान घेतले. पुंडलिकनगरला घरी पोचेस्तोवर निम्मे संपले. ताई वैतागली. नानवरून नाय. बिडकीनच्या कंपनीत माझं नाव सांगून आलीये.
"तिथं घड्याळाकडं बघत बसू का?"
"मग झाडांकडं बघत बसणार?"
व्हय म्हणाले. हसली, पण पुरतं नाय.

११ फेब्रु.
टोपी काढली. एकच, म्हणून. काही कळेना, म्हणून शेजारची. मग तिच्या शेजारची. पार्सल कुठवर आलं हे सारखं बघायची सवय, दुसरं काय. मावशीनं चहाला हाक मारली तेव्हा कोपऱ्यातलं एक उघडायचं राहिलं. सगळ्या टोप्या परत नीट बसवल्या. कुणाला कळतंय!

१६ फेब्रु.
कळलं. काड्या काळ्या पडल्या.
"उघडून बघितलंस ना?"
मी मान डोलावली.
"मी तर सासऱ्याची अख्खी ओळ मारली होती, अशीच बघून बघून." मावशी लई हसली, खोकला येईस्तोवर. मग म्हणाली, "कोपऱ्यातलं हाय ना अजून? त्यावर ठरवू तुझं."

१९ फेब्रु.
फोन पिशवीत, पिशवी आंब्याच्या फांदीला. दुपारी झोप लागली, खरीखुरी. स्वप्नात पोपट. उठले तर खरेच पोपट, लई कलकलाट. त्यांच्या मागं मागं विहिरीपर्यंत गेले, पाणी घालायचं राहिलं. संध्याकाळी घातलं.

२२ फेब्रु., रविवार
ताई भर दुपारी आली. हॉर्न वाजवला. मावशीनं कूसही बदलली नाय. ताई बाहेर लिंबाखाली दगडावर टेकली, आणि तिथंच डुलकी! फाटक उघडल्यावर डोळे चोळत म्हणते, "इथं झोप बरी लागते गं." मग आठवलं तिला. "उद्या बिडकीन. येणार का नाय, संध्याकाळपर्यंत सांग." गेली.
मावशी चहा टाकायला आत.
कोपऱ्यातल्या टोपीत हिरवं दिसतंय. आतून वाफ धरलीये, नीट कळत नाय. बांधलेल्या पट्टीच्या वर असलं तर काडी फुटली, कलम लागलं. खाली असलं तर नुसतं गावठी रोपच फुटलंय.
हात टोपीपर्यंत गेला.
झारी उचलली. गुलाबांना पाणी घालतेय, सावकाश. आंब्यावर पिशवी वाजतेय, ताईच असणार. ही ओळ तेवढी होऊ दे, मग बघू.