अंजू, मोठ्यानं वाच

तीर्थरूप मायला सारिकाचा पालघरहून नमस्कार.

अंजू, मायला हे मोठ्यानं वाचून दाखव.

माय, मी बरी हाय. संस्थेत माझं लई चांगलं चाललंय. कोवळ्या पोरींची लग्नं थांबवते म्हणून परवा संस्थेत माझ्यासंगं काम करणाऱ्या सगळ्यांपुढं माझा सत्कार केला. शाल दिली, ती तुला आणीन. तुझी कंबर कशी हाय? शेळी व्याली का?

आबा फोनवर म्हणले, अंजूला तेलगावचं स्थळ आलंय, दसऱ्याच्या आत उरकायचं. मला कळतंय गं. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोर तुला हाय. पण ती नववीत हाय, माय. तिला माझ्याकडं पाठव. एका खोलीत आमी दोघी भागवू. पाया पडते तुझ्या.

अंजू, आता इथून पुढं मनातच वाच. मायनं इचारलं तर म्हण, सगळ्यांना नमस्कार लिहिलाय.

घरचा फोन आबांच्या खिशात असतो, म्हणून शाळेतल्या बाईंच्या फोनवरून १०९८ लाव, पोरांच्या मदतीचा सरकारी नंबर हाय. पैसे पडत न्हाईत. गाव इचारतील, लग्नाची तारीख इचारतील, घाबरू नको. लोकांच्या पोरींसाठी मी कितीदा लावला. काल तुझ्यासाठी लावला, आन् मुलीच्या वडिलांचं नाव सांगा म्हणल्यावर माझ्या तोंडून आबांचं नाव निघालंच न्हाई. मी फोन ठेवून दिला.

तू ठेवू नको.

तुझी अक्का,
सारिका