अमेरिकन पेटीचं लाल निशाण

२ फेब्रुवारी १९८९
पेटी बसली. फाटकावर, रस्त्याकडे तोंड करून. धामणकर नाक्यावरच्या वेल्डरने अगदी अमेरिकन केली आहे. गोल पाठ, पुढे झाकण, बाजूला पत्र्याचं लाल निशाण. लेकीकडे, नीलाकडे, अमेरिकेत दोन महिने खिडकीत बसून मी हाच अभ्यास केला. पत्र पेटीत ठेवायचं, निशाण उभं करायचं. पोस्टमन निशाण बघून पत्र घेऊन जातो. (पहिला आठवडा मी ते निशाण पाडून ठेवत होतो. उगाच उभं बरं दिसत नाही म्हणून. नीलाची पत्रं तिथेच पडून राहिली. नवखा माणूस चुकतोच.) भिवंडीत हे कोणीतरी सुरू करायलाच हवं.

५ फेब्रुवारी
पेटीत पहिलं पत्र ठेवलं. नीलाला मार्चमध्ये बाळ होणार. नाव सुचवा म्हणाली आहे. मी लिहिलं, मुलगी झाली तर इंदुमती, माझ्या आईचं. त्या नावाची हाक पुन्हा घरात ऐकू यावी असं फार वाटतं. निशाण उभं.
सुनीती म्हणते, नाक्यावर सरकारी पेटी आहे, तिच्यात टाका. बायकोला सिस्टीम समजत नाही.

७ फेब्रुवारी, दुपार
पोस्टमन रामनाथ आला. निशाणाकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, छान दिसतंय, घरी पूजा आहे का. पत्र घ्या म्हटलं, तर म्हणे माझी ड्युटी वाटायची, गोळा करायची नाही. पोस्टमास्तरांना कडक तक्रार लिहिली. पेटीत ठेवली.

१२ फेब्रुवारी, सकाळ
पहिल्या शिफ्टचे कामगार फाटकासमोर थांबले. लाल निशाण बघून त्यांना वाटलं, संप. शेजारचे लूममालक मुख्तारभाई बनियनवरच धावत आले. म्हणाले, चाचा, झंडा नीचे करो, मेरे लूम खडे हैं. मी नियम सांगितला, पत्र उचलल्याशिवाय निशाण खाली येत नाही. ते म्हणाले, लाओ, मैं नाके पे डाल देता हूँ. साफ नकार दिला. प्रश्न एका पत्राचा नाही. शेवटी सुनीतीने सगळ्यांना चहा पाजला आणि लूम सुरू झाले.

२० फेब्रुवारी
झाकण नीट मिटत नाही. वेल्डरची चूक. चिमणी आत काड्या नेते आहे. सुनीती म्हणते, आता तरी दुसरं पत्र लिहा. दुसरं लिहिणं म्हणजे हार. आणि घरट्याला हात कसा लावायचा? पोस्टमास्तरांचं उत्तर नाही. म्हणजे तक्रार झोंबली.

३० मार्च
रामनाथने नीलाचं पत्र आणलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारशापर्यंत बाबांच्या पत्राची वाट पाहिली, आलं नाही, म्हणून आईने कळवलेलं नाव ठेवलं. काशी.
काशी म्हणजे माझ्या सासूबाई.
सुनीतीला विचारलं, पत्र टाकलंस कधी. म्हणाली, तुम्ही तक्रार लिहीत होतात तेव्हा, नाक्यावर.
बराच वेळ फाटकाशी उभा राहिलो. आत पिल्लं चिवचिवत होती, माझ्या आईच्या नावावर बसून. वाईट वाटलं.
संध्याकाळी अभिनंदनाचं पत्र लिहिलं. सुनीती भाजीला निघालीच होती, तिच्या हातात दिलं. निशाण मात्र खाली केलेलं नाही.